ऑलिव्हचा वामनवृक्ष

मोगरा, जाई आणि पारिजातक ही आपल्या अंगणातली नित्याची मंडळी. ऑलिव्ह हा वृक्ष ह्यांच्याच कुळातला आहे, असे सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल. वनस्पतिशास्त्रात ह्या कुळाला ‘ओलिएसी’ म्हणतात आणि हे नाव ऑलिव्हवरूनच पडलेले आहे. पारिजातकाची एखादी फांदी हाती घेऊन पाहावी. तिच्यावरील पाने एकाआड एक नसून समोरासमोर, जोडीजोडीने आलेली दिसतील. ऑलिव्हची पानेही अशीच येतात. वामनवृक्ष घडविणाऱ्याला ह्या जोडपानांशी पुढे वारंवार गाठ घालावी लागणार आहे. म्हणून ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवलेली बरी.

नावाबद्दल दोन शब्द. हिंदी-उर्दूत ऑलिव्हला ‘जैतून’ म्हणतात. मराठीत मात्र ‘ऑलिव्ह’ हाच शब्द रुळला आहे व येथेही तोच ठेवला आहे. ‘बोन्साय’ ह्या जपानी शब्दाचा अर्थ ‘तबकातील लागवड’ एवढाच आहे. त्याला मराठीत ‘वामनवृक्ष’ म्हणू लागल्यामुळे काहींचा असा ग्रह होतो, की ही झाडे जातीनेच खुजी असतात. तसे मुळीच नाही. तबकातल्या झाडाचे बी जमिनीत पेरले तर त्याचा पूर्ण वाढीचा वृक्ष होतो. एवढेच कशाला, खुद्द तबकातले झाड भुईत लावले तरी ते काही वर्षांत आपले मूळचे रूप धारण करू लागते. पुराणातल्या वामनानेही तीन पावलांत त्रिभुवन व्यापलेच होते. त्या दृष्टीने पाहता हा शब्द मूळ शब्दाहून अधिक अर्थवाही आहे, असे मला वाटते.

उथळ पात्रात लहान झाडे लावण्याची कला चीनमध्ये उगम पावली. इ. स. ७०६ मध्ये बांधलेल्या चांगह्वाय राजपुत्राच्या थडग्यातील भित्तिचित्रांत सेवकांच्या हाती अशी पात्रे रंगविलेली आहेत. पुढे जपानने ह्या कलेला पूर्णत्व दिले; पण तेथील परंपरागत वामनवृक्षांत ऑलिव्हला स्थान नव्हते. जपानच्या शोदोशिमा बेटावर ऑलिव्हची लागवड सुरू झाली ती १९०८ साली, म्हणजे अगदी अलीकडे. ह्या वृक्षाला तबकात आणण्याचे खरे काम स्पेन, इटली अशा भूमध्यसागराच्या काठच्या देशांतील छांदिष्टांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केले. म्हणूनच ऑलिव्हविषयीचे बहुतेक ग्रंथ त्या प्रदेशातील हवामान गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्या दृष्टीने सारी अडचण येथेच उत्पन्न होते. तिचा विचार पुढे करू.

भारताला ऑलिव्ह सर्वस्वी परका नाही. काश्मीरपासून कुमाऊंपर्यंतच्या हिमालयाच्या खालच्या उतारांवर त्याची एक रानटी उपजाती वाढते. तिला स्थानिक बोलींत ‘कहू’ किंवा ‘काऊ’ म्हणतात. तिच्या पानांची खालची बाजू भूमध्य ऑलिव्हप्रमाणे रुपेरी नसते, तर गंजासारखी तांबूस-पिवळी असते. आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानातील पारजांभूळ हाही ऑलिव्हच्याच प्रजातीतला वृक्ष होय. महाबळेश्वरच्या जंगलात तो विपुल आहे. परंतु त्याची पाने मोठी आणि सवय दमट सावलीची. लहान तबकासाठी तो सोयीचा नाही. राजस्थान शासनाने २००७ साली ऑलिव्हच्या लागवडीसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली, इस्राएलच्या साहाय्याने बार्निया, आर्बेकिना, कोरोनेकी इत्यादी वाणांची लागवड केली आणि २०१४ मध्ये लुणकरणसर येथे तेलाचा कारखानाही सुरू केला. ह्या वाणांपैकी आर्बेकिना आणि कोरोनेकी ह्यांची पाने लहान असतात. ज्याला तबकात झाड घडवावयाचे आहे, त्याने हे दोन वाण मिळाल्यास तेच निवडावेत.

आता ह्या वृक्षाच्या खोडाकडे वळू. ऑलिव्हचे सारे सौंदर्य खोडात आहे. वड, पिंपळ किंवा आंबा ह्यांचे खोड आपण एकसंध स्तंभ म्हणून पाहतो. जुन्या ऑलिव्हचे खोड तसे नसते. अनेक जाड दोर एकत्र पिळून उभे करावेत तसे ते दिसते. दोरांमध्ये खोल खाचा असतात, मधला गाभा पुष्कळदा कुजून पोकळ झालेला असतो आणि तरीही वर पालवी हिरवीगार असते. ह्या रूपामागे शरीररचनेचे कारण आहे. ऑलिव्हमध्ये प्रत्येक मोठे मूळ मुख्यत्वे आपल्या वरच्या बाजूच्या खोडाच्या पट्ट्याला आणि त्या पट्ट्यावरील फांद्यांना पाणी पुरविते. एखादे मूळ मेले, की त्याच्या वरचा पट्टा सुकतो. शेजारचा पट्टा मात्र जोमाने वाढत राहतो व फुगून वर येतो. शेकडो वर्षे हे चालू राहिले म्हणजे जिवंत आणि मृत पट्ट्यांची ती पिळदार मोळी तयार होते.

पोकळ गाभ्यामुळे जुन्या ऑलिव्हचे वय सांगणे फार कठीण असते, कारण सर्वांत जुनी वलयेच नाहीशी झालेली असतात. जेरुसलेमजवळच्या गेथसेमनी उद्यानातील आठ वृक्ष ख्रिस्ताच्या काळातील आहेत अशी श्रद्धा आहे. इटलीतील शास्त्रज्ञांनी त्यांतील तीन वृक्षांच्या लाकडाची किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने तपासणी केली; २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या आज उभ्या असलेल्या खोडांचा काळ अनुक्रमे १०९२, ११६६ आणि ११९८ असा निघाला. रोपवाटिकेचा विक्रेता ‘हे झाड पाचशे वर्षांचे आहे’ असे सांगू लागला, तर हा दाखला स्मरावा आणि पैसे खोडाच्या रूपाला द्यावेत, वयाला नव्हे.

मूळ आणि पट्टा ह्यांच्या ह्या नात्यातून घडणीचा पहिला नियम निघतो. ऑलिव्हचे मोठे मूळ तोडताना आपण वरच्या कोणत्या फांदीचे भवितव्य ठरवीत आहोत, हे आधी पाहिले पाहिजे. ज्या फांदीवर साऱ्या आकृतीची भिस्त आहे तिच्या खालचे मूळ पहिल्या वर्षी तोडू नये. ते निम्मे कमी करावे, कापाच्या मागे बारीक मुळे फुटू द्यावीत आणि उरलेले दोन वर्षांनी कमी करावे. उलट, एखाद्या बाजूला मृत लाकडाचा पट्टा हवाच असेल तर त्या बाजूचे मूळ हे आपले साधन होऊ शकते.

गढ्याच्या रहिवाशाला वामनवृक्षाचा पहिला पाठ पुस्तकाबाहेरच मिळू शकतो. मदनमहालाची टेकडी ग्रॅनाइटच्या अजस्र शिळांची बनलेली आहे. एकावर एक अलगद ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या तेथील संतुलित शिळा २२ मे १९९७ च्या भूकंपातही ढळली नाही. अशा खडकांच्या फटीत रुजलेले पिंपळाचे झाड पाहावे. माती ओंजळभर, पाणी चार महिन्यांचे, मुळांना पसरावयास जागा नाही; साहजिकच बुंधा जाड होतो, उंची खुंटते, पाने लहान राहतात. मुळांना मर्यादित जागा, शेंड्यांची वारंवार हानी आणि भरपूर ऊन ह्या तीन गोष्टी मिळून झाड ठेंगणे ठेवतात. कुंडीत आपण हेच करतो. फरक एवढाच, की खडकावरचे झाड मेले तर कोणी शोक करीत नाही.

आता हवामान. भूमध्यसागराच्या काठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथे ऑलिव्ह वसंतात वाढतो, भर उन्हाळ्यात जवळजवळ थांबतो, शरदात पुन्हा थोडा वाढतो आणि थंडीत विश्रांती घेतो. गढ्यात ह्याच्या अगदी उलट क्रम आहे. जबलपूर परिसरात वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे हवा उष्ण असताना पडतो. त्याच्या आधी मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर राहतो. थंडीतील रात्री आठ-दहा अंशांपर्यंत उतरतात. ह्या थंडीने ऑलिव्हला इजा होत नाही, उलट विश्रांती मिळते. ह्याचा अर्थ असा, की युरोपीय ग्रंथातील वाक्ये मराठीत आणता येतात, महिने आणता येत नाहीत. ‘कुंडी एप्रिलमध्ये बदलावी’ हा तेथील योग्य सल्ला आहे. येथे तो शब्दशः पाळला तर मुळे कापल्यावर सहा आठवड्यांच्या आत मेची लू झाडावर येऊन आदळेल आणि ऑलिव्हसारखे चिवट झाडही त्यातून वाचणे कठीण.

म्हणून गढ्यासाठी वर्षाची मांडणी निराळी करावयास हवी. कुंडी बदलणे, मुळांची छाटणी आणि खोडावरील मोठे काप ही कामे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकावीत. ह्या सुमारास रात्री थंड असतात, दिवस उबदार होऊ लागलेले असतात आणि डोळे फुगू लागतात. नव्या मुळांना त्यानंतर किमान दोन महिने सौम्य हवा मिळते. मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत पहिली पालवी येते. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत झाडाला हात लावू नये. हा काळ केवळ जगविण्याचा. पावसाळ्यात वाढ जोरात होते, पण ती मऊ आणि लांब पेरांची असते. सप्टेंबरच्या अखेरीस ती कमी करावी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने ऑलिव्हसाठी येथे सर्वांत सुखाचे. स्वच्छ ऊन, कोरडी हवा, मध्यम उष्णता. भूमध्यसागरी वसंताशी साम्य असलेला आपला ऋतू हाच आहे, असे म्हटले तरी चालेल. तार बांधणे, बारीक छाटणी आणि खत ही कामे ह्या दोन महिन्यांत करावीत.

झाड मिळवावे कोठून? हिमालयातील कहूची जुनी, गुरांनी खाऊन खुरटलेली झुडपे पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु राखीव वनातून झाड उपटणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दोनशे वर्षे डोंगर धरून ठेवलेले मूळ एका माणसाच्या गच्चीसाठी उखडणे कोणत्याही रसिकतेत बसत नाही. परदेशातून काडी किंवा रोप सामानात लपवून आणण्याचा विचारही करू नये. इटलीच्या पुलिया प्रांतात २०१३ साली ‘झायलेला’ नावाच्या जिवाणूचा प्रादुर्भाव उघडकीस आला. त्याने पुढे तेथील लक्षावधी ऑलिव्ह वृक्ष वाळवून टाकले. हा जिवाणू खोडातील जलवाहिन्या बंद करतो आणि त्याला अनेक जातींची झाडे चालतात. आपल्याकडे २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार परवान्याशिवाय अशी आयात करता येत नाही, ते योग्यच आहे.

तेव्हा रोपवाटिकेतील रोप किंवा छाटणीत निघालेली फांदी हेच खरे मार्ग. ऑलिव्हची जाड फांदी रुजते. मनगटाएवढे लाकूडही रुजविण्याची पद्धत भूमध्य प्रदेशात प्राचीन काळापासून चालत आली आहे. फेब्रुवारीत हातभर लांबीचा तुकडा घेऊन त्याचा खालचा दोन तृतीयांश भाग निचऱ्याच्या रेतीत पुरावा, वरच्या कापावर मेण किंवा लेप लावावा आणि सावलीत ठेवावा. डोळे फुटले म्हणजे मुळे आली असे समजू नये. साठवलेल्या अन्नावर पालवी फुटते व मुळे मागून येतात. वर्षभर तुकडा हलवू नये. पावसाच्या आरंभी गुटी कलम बांधूनही रोप करता येते, मात्र ऑलिव्हची गुटी सावकाश मुळे धरते.

मातीच्या बाबतीत गढ्याच्या आसपासची काळी माती सर्वांत घातक. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कुंडीत तर दगडासारखी बसते. ऑलिव्हला खडबडीत, सच्छिद्र मिश्रण लागते. ग्रॅनाइटचा चाळलेला मुरूम दोन भाग, ज्वारीच्या दाण्याएवढे विटांचे तुकडे दोन भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पानखत एक भाग, असे प्रमाण पुरेसे आहे. बारीक धूळ चाळून टाकावी. निचरा बंद पाडणारी ती हीच. विहिरीच्या जड पाण्याची मात्र चिंता करू नये. ज्या चुन्याने अझेलियासारखी झाडे पिवळी पडतात तो ऑलिव्हला मानवतो. भेडाघाटच्या संगमरवराचे चार खडे कुंडीत पडले तरी बिघडत नाही.

खोड जाड करावयाचे असेल तर पहिली तीन-चार वर्षे झाड मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत स्वैर वाढू द्यावे. पुष्कळ लोक येथे घाई करतात. बोटाएवढे रोप उथळ तबकात बसविले, की त्याची जाडी वाढणे जवळजवळ थांबते आणि वीस वर्षांनीही ते तबकातील काडीच राहते. खालच्या बाजूला एक फांदी मुद्दाम लांब वाढू द्यावी. तिच्यामुळे बुंधा भरतो. काम झाले की ती कापावी. खोड हवे त्या उंचीवर एकदा कापले, की ऑलिव्ह कापाखाली अनेक फुटवे देतो. जुन्या लाकडातून फुटण्याची ही त्याची शक्ती असामान्य आहे. पण त्याची जखम भरून येण्याची गती अत्यंत मंद असते. म्हणून मोठा काप समोर आणू नये. तो मागे ठेवावा किंवा कोरून पोकळीत रूपांतरित करावा.

फांद्या घडविण्याची रीत जोडपानांवरून ठरते. प्रत्येक पेरावर दोन फुटवे येतात. दोन्ही ठेवले तर प्रत्येक ठिकाणी बेचक्या होतात आणि फांदी गाठाळ दिसते. म्हणून पहिल्या पेरावर डावा ठेवावा, पुढच्या पेरावर उजवा. एखादा वर, एखादा खाली. अशा रीतीने वाढू देणे व कापणे हेच ऑलिव्हचे मुख्य शिल्प. तारेचा उपयोग मर्यादित आहे. कोवळी फांदी सहज वाकते, दोन वर्षांची फांदी ताठ होते आणि जबरदस्ती केली तर सांध्यातून निखळते. अॅल्युमिनियमची तार फांदी अर्धवट पिकत असताना, ऑक्टोबरमध्ये बांधावी आणि फेब्रुवारीत पाहावी. साल फुगून तार रुतू लागली असेल तर तार उलगडत न बसता तुकडे करून काढावी.

आकृतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. ऑलिव्हला देवदार किंवा पाइन बनवू नये. चित्रांतील जपानी पाइन पाहून त्याच्या फांद्या खाली ओढणे आणि पानांचे सपाट थर रचणे ही आता सर्वत्र दिसणारी खोड आहे. ऑलिव्ह हा ठेंगण्या, रुंद बुंध्याचा वृक्ष. त्याच्या फांद्या आधी वर चढतात, मग बाहेर पसरतात आणि शेवटी त्यांची टोके किंचित झुकतात. माथा गोलसर, पण विरळ असतो. पानांतून आभाळ दिसले पाहिजे. शेताच्या बांधावर उभी असलेली, शेतकऱ्याने वर्षानुवर्षे सवळलेली जुनी बाभूळ ज्याने पाहिली आहे त्याला हा आकार नवा वाटणार नाही.

मृत लाकडाचे काम सर्वांत शेवटी. फांदीच्या टोकाशी सोललेल्या लाकडाला जपानीत ‘जिन’ आणि खोडावरील सोललेल्या पट्ट्याला ‘शारी’ म्हणतात. मोठा काप केल्यानंतर लगेच कोरावयास बसू नये. दोन वर्षे थांबावे. तोवर कोणते पट्टे फुगून जिवंत राहिले आणि कोणते आपोआप सुकले हे झाड स्वतः दाखविते. सुकलेल्या भागातच पटाशी चालवावी आणि ती लाकडाच्या रेषेनुसार चालवावी, म्हणजे खाचा नैसर्गिक वाटतात. ऑलिव्हचे लाकूड कठीण व टिकाऊ असले तरी मातीला टेकलेला मृत भाग मध्य भारतातील पावसाळ्यात कुजतोच आणि वाळवीचेही भय असते. पोकळीत पाणी साचणार नाही असा उतार ठेवावा. फळबागांत वापरतात ते चुना-गंधकाचे द्रावण वर्षातून दोनदा, कोरड्या दिवसांत मृत लाकडाला ब्रशने लावावे. माती आणि जिवंत साल झाकून घ्यावी.

उन्हाळ्यासंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑलिव्ह दुष्काळ सोसतो हे खरे, पण तो सोसतो तो जमिनीत दूरवर पसरलेल्या मुळांच्या बळावर. चार बोटे खोल तबकात ते बळ उरत नाही. मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, तबक गच्चीच्या तापलेल्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावे, त्याच्या कडांना ओले गोणपाट गुंडाळावे आणि दुपारी अकरा ते चार हिरव्या जाळीची सावली करावी. पाणी कमी पडल्याची खूण ऑलिव्हमध्ये उशिरा दिसते. त्याची पाने जाड असल्याने ती लोंबत नाहीत; पाने कडेने आत वळून फिकी दिसू लागली, की मुळांची हानी होऊन चुकलेली असते.

पावसाळ्यात धोका उलट बाजूने येतो. सलग आठ दिवस झड लागली, की मातीतील हवा संपते आणि मुळे कुजतात. अशा दिवसांत तबक पारदर्शक छपराखाली घ्यावे. तेवढी सोय नसेल तर त्याच्या एका बाजूखाली वीट सरकवून ते तिरके ठेवावे. तबकाखालची ताटली तर काढूनच टाकावी. ह्या काळात पेंडीचे खत घालू नये, तिच्यावर बुरशी चढते. निंबोळी पेंड किंवा भुईमुगाची पेंड ऑक्टोबरात आणि पुन्हा मार्चच्या आरंभी द्यावी. पानांच्या मागे खवले कीड बसली आहे की काय, हे मुंग्यांवरून कळते. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की पाने उलटून पाहावीत, कीड जुन्या दात घासण्याच्या ब्रशने घासून काढावी आणि निंबोळी तेलाचे पाणी फवारावे.

फुलाफळांची अपेक्षा मात्र येथे ठेवू नये. ऑलिव्हला मोहोर धरण्यासाठी दीर्घ थंडी लागते, आणि तबकात आपण वारंवार शेंडे खुडत असल्यामुळे मोहोर येणारी मागील वर्षाची काडीच शिल्लक राहत नाही. क्वचित एखाद्या फांदीवर बारीक पांढरी फुले आलीच तर त्या वर्षी तेवढी फांदी न छाटता ठेवावी. फळे धरली तर बुंधा अजून अशक्त असलेल्या झाडावरची ती काढून टाकावीत. पहिली कुंडी बदलल्यानंतर तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी, पुन्हा माघातच, मुळांचा गोळा बाहेर काढून त्याचा बाहेरचा एक तृतीयांश भाग काटक्याने मोकळा करून छाटावा आणि त्यानंतरच झाड उथळ, न चमकणाऱ्या तांबूस भाजणीच्या तबकात कायमचे बसवावे.